आमच्यात नसते

रश्मी रामटेके टेबलामागून उठून पुढं आली की बँकेच्या आरमोरी शाखेतल्या गिऱ्हाइकाची पहिली अडचण व्हायची ती हाक मारण्याची. कडक इस्त्रीचा पांढरा नाहीतर आभाळी शर्ट, तो पँटीत नीट खोचलेला, कमरेला चामडी पट्टा, पायात काळे बूट आणि केस मानेच्या वरच आवरलेले. धानाच्या कर्जासाठी आलेला म्हातारा आधी ‘साहेब’ म्हणायचा, मग मान वर करून पाहायचा आणि ‘बाई’ म्हणायचा, आणि शेवटी दोन्हींतला एकही मान कमी पडू नये म्हणून ‘साहेबबाई’वर येऊन थांबायचा. रश्मीला त्याचं काही वाटत नसे. उलट त्या गोंधळात म्हातारा आपली लांबण विसरायचा आणि कागद लवकर पुढं करायचा, हा फायदाच.

कपडे ती आपल्या गावच्या, नागभीडच्या, भैयाजी टेलरकडून शिवून घेई. भैयाजी फक्त पुरुषांचे कपडे शिवत. ती पहिल्यांदा गेली तेव्हा कापड हातात घेऊन त्यांनी तिच्या पाठीमागं पार दारापर्यंत पाहिलं होतं, माप द्यायला कोण आलंय म्हणून. आता ते काही विचारत नसत. खिसा एक की दोन, एवढंच. आईनं, बायनाबाईनं, पोरीचं हे वेड बारावीनंतर पदरात घेतलं होतं. म्हणजे पटलं नव्हतं. रोज भांडायला अंगात ताकद उरली नाही, म्हणून सोडून दिलं होतं.

वेड कसलं, तेही धड सांगता येत नव्हतं. कॉलेजच्या निरोप समारंभाला एकदा आणि चुलतबहिणीच्या लग्नात एकदा तिनं साडी नेसली होती. दोन्ही वेळा तिला वाटत राहिलं, की आपण दुसऱ्याच कुणाच्या घरात येऊन बसलोय आणि निघायचं कधी हे विचारायचीही सोय नाही. पंजाबी ड्रेस, ओढणी, बांगड्या, सगळ्याचं तेच. का म्हणाल, तर कारण नव्हतं. कुणाला कारलं आवडत नाही, तसं. पण कारलं न खाणाऱ्याला लोक कारण विचारत नाहीत. साडी न नेसणारीला विचारतात, आणि दिलेलं कारण हातात घेऊन तोलूनही पाहतात.

आधीच्या शाखेत तिनं सरळ सांगून टाकलं होतं, “मला नाही आवडत.” त्या तीन शब्दांचं व्याज ती वर्षभर भरत राहिली. एक जण तिला नेसायला शिकवायला घरी आली, पिनांचा डबा घेऊन. दुसरीनं आपल्या दिराचं स्थळ सुचवलं, ‘त्याले चालते अशी’ म्हणून. तिसरीनं बाजूला घेऊन विचारलं, लहानपणी काही झालं होतं का. काहीही झालं नव्हतं, हे कुणाच्याच पसंतीला उतरलं नाही. तिच्या कपड्यांत खोट काढायला जागा नव्हती. शाखाधिकाऱ्याच्या शर्टावर जेवणाचे डाग असत, हिच्या कॉलरवर सुरकुती नसे. पण नीटनेटकेपणाचे गुण वेगळे आणि बाईपणाचे वेगळे. एकातले दुसऱ्यात धरत नाहीत.

आरमोरीत ती जुलैत बदलून आली. शाखेत बाया तिच्यासकट चार. दिव्यानी भोयर काउंटरवर. तोंडात साखर, मनात कपट नाही, आणि जगातलं प्रत्येक काम आपण पुढाकार घेतल्याशिवाय होत नाही अशी खात्री. नीलाबाई चहापाणी आणि झाडझूड पाहायची, आणि गावातली बातमी बँकेत अन् बँकेतली गावात पोचवायची. तिसऱ्या रिनाताई, रिना उंदिरवाडे, कॅशियर. वय चाळिशीच्या पुढं, राहायला इथल्याच बौद्ध वस्तीत, विहारापासून चार घरांवर. रिनाताईंना साड्यांचा भारी नाद. नोटा मोजणारा हात तो मोजत राहायचा आणि डोळे काचेतून समोरच्या बाईच्या काठावर. कोणता काठ नागपूरचा, कोणता ब्रह्मपुरीच्या दुकानातला, हे त्या बसल्या जागी सांगत, आणि समोरची बाई कर्जाचा हप्ता चुकलेली असली तरी खूश होऊन जाई.

पितृपक्ष संपत आला तशी दिव्यानी रश्मीच्या टेबलाशी आली. नवरात्राच्या नऊ दिवसांचे नऊ रंग ठरलेले असतात. हा रिवाज आता कुठल्याच कचेरीला चुकत नाही. त्या त्या दिवशी सगळ्या बाया त्या रंगाची साडी नेसून येतात, दुपारी फोटो निघतो, संध्याकाळपर्यंत तो सगळ्या नातेवाइकांनी पाहिलेला असतो. आरमोरीत तर नवरात्राला गाव नुसतं उसवतं; देवी पाहायला ट्रॅक्टर भरभरून माणसं येतात. अशा गावात बँकेनं मागं राहायचं म्हणजे कसं.

“पहिला दिवस पिवळा, मॅडम,” दिव्यानी म्हणाली. “तुमच्यापाशी नसन तं रिनाताईपाशी तीन आहेत. ब्लाउजचं आपण पाहून घेऊ.”

रश्मीच्या डोळ्यांपुढं पिनांचा डबा उभा राहिला. पाठोपाठ तो दीर. पुन्हा एक वर्ष त्याच खुलाशात घालवायचं, या विचारानं तिला कंटाळा आला आणि त्या कंटाळ्यातून, आधी न ठरवता, एक वाक्य बाहेर आलं.

“आमच्यात नवरात्र नसते, दिव्यानी.”

म्हटलं तर त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. छप्पन्न साली आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून रामटेक्यांच्या घरात घट बसला नव्हता. पण तिची आई तरुणपणी दरवर्षी ट्रॅक्टरमध्ये बसून हीच आरमोरीची देवी पाहायला येई आणि येताना पोरांना फुगे आणी. त्यानं कुणाचा धम्म बाटला असं घरात कधी कुणी म्हटलं नव्हतं. वाक्य खरं होतं, फक्त ज्या कामाला लावलं त्या कामाचं नव्हतं. नावड रश्मीची एकटीची होती आणि तिच्यावर सही तिनं साऱ्या समाजाची घेतली होती.

परिणाम मात्र असा झाला की तिचा तिलाच अचंबा वाटला. दिव्यानीचा चेहरा पांढरा पडला. तिनं दोन्ही हात जोडले. माझ्या ध्यानातच आलं नाही, मॅडम, राग मानू नका, असं म्हणत ती मागच्या मागं सरकली. पिना नाहीत, दीर नाही, लहानपण नाही. आयुष्यभर ज्या दाराला धडका दिल्या ते दार नुसत्या बोटानं उघडलं. सौदा फार स्वस्तात पटला, असं वाटून रश्मी खुर्चीत जरा सैलावून बसली.

मग तिची नजर कॅशच्या काचेकडं गेली. रिनाताई आत मान खाली घालून बसल्या होत्या. नोटा मोजायचं यंत्र फरफरत होतं, तेव्हा त्यांना काही ऐकू गेलं नसणार, असं रश्मीनं धरलं. यंत्र त्या वेळी चालू होतं की थांबलं होतं, हे पुढं तिला नक्की आठवेना.

घटस्थापनेच्या दिवशी रिनाताई पिवळी साडी नेसून आल्या. हळदीसारखी पिवळी, हिरवा रुंद काठ, आणि अंबाड्यावर झेंडूचं एक फूल. आल्या त्या नेहमीसारख्या बोलतच आल्या, नीलाबाईच्या निऱ्या नीट कर, दिव्यानीच्या खांद्यावरची पिन काढून परत लाव. आणि हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं की आज त्यांच्याशी कुणी नीट बोलत नाहीये.

झालं होतं ते असं. दिव्यानीनं रात्रभर विचार केला होता. सहा वर्षं आपण रिनाताईला दरवर्षी ओढतो, त्यांच्यात असतं की नसतं हे एकदाही विचारलं नाही. त्या बिचाऱ्या भिडेखातर करत आल्या. आपल्या हातून केवढं पाप झालं, हे तिला त्या रात्रीत उमगलं आणि सकाळी तिनं ते शाखाधिकारी प्रवीण कोहळेंना जाऊन सांगितलं. कोहळे साहेबांना पापाची भीती नव्हती, तक्रारीची होती. कुणी वर लिहून कळवलं की शाखेत धर्माची सक्ती होते, तर बदली थेट जिल्ह्याच्या पार टोकाला, सिरोंच्याला. त्यांनी सांगितलं, तुम्ही दोघी करा, पण त्या दोघींना यात घेऊ नका, फोटोत तर मुळीच नको.

दिव्यानीनं मग रिनाताईंना बाजूला घेतलं आणि फार प्रेमानं सांगितलं की ताई, तुम्ही नाही नेसलं तरी चालते हो, आमच्यासाठी जिवावर आणून करू नका. रिनाताई म्हणाल्या, जिवावर कशाचं, मला आवडते. दिव्यानीनं त्यांचा हात हातात घेतला आणि डोळ्यांत पाणी आणलं. समजते मले, ताई, म्हणाली.

दुपारी फोटो निघाला तेव्हा रिनाताई कॅशमध्ये होत्या. रांगेत सहा-सात माणसं होती, तेव्हा त्यांना बोलवलं नाही याला कारणही मिळालं. दिव्यानी आणि नीलाबाई दाराशी उभ्या राहिल्या, कोहळे साहेबांनी फोन धरला. रश्मी आपल्या टेबलावरून पाहत होती. रिनाताईंनी काचेतून एकदा तिकडं पाहिलं, मग समोरच्या माणसाला सुटे पैसे दिले. संध्याकाळी निघताना अंबाड्यावर फूल नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या जुना तपकिरी पंजाबी ड्रेस घालून आल्या. तिसऱ्या दिवशीही तोच.

रश्मी हिशेबी बाई. आपल्या हातून कुणाचं किती नुकसान झालं हे तिला कळत होतं, आणि भरपाई चिल्लरमध्ये होते का हे ती पाहू लागली. रिनाताईंच्या रांगेतली माणसं आपल्या टेबलाकडं वळवून घेतली. एका सकाळी येताना समोसे आणले. एकदा त्यांच्या त्या तपकिरी ड्रेसची तारीफही केली, आणि तारीफ तोंडातून निघताच तिला स्वतःच्या जिभेची लाज वाटली. रिनाताई ‘हो’ म्हणाल्या, समोसा नीलाबाईला देऊन टाकला. त्या भांडत नव्हत्या. कामाचं तेवढं सगळं बोलत होत्या, आणि काठांवर काहीच बोलत नव्हत्या. काउंटरवर मोरपंखी साडीतली एक बाई मुद्दाम पदर सावरत उभी राहिली, तरी त्यांनी नोटांवरून डोळे काढले नाहीत.

रश्मीनं मनाशी म्हणून पाहिलं, आपण त्यांना नेसू नका असं थोडंच सांगितलं. हे वाक्यही खरंच होतं. आजकाल तिच्याकडं खऱ्या वाक्यांचा साठा बराच झाला होता.

अष्टमीच्या आधल्या दिवशी विहार समितीचे सचिव संघपाल सर बँकेत आले. शाळेत शिक्षक, बोलणं ठसठशीत, हातात निमंत्रणं. ते थेट रश्मीच्या टेबलासमोर बसले आणि आवाज शाळेतलाच ठेवून बोलू लागले. नीलाबाईकडून सारं वस्तीत पोचलं होतं. बँकेतल्या नव्या मॅडमनं तोंडावर ठणकावून सांगितलं, आमच्यात नसते. याला म्हणतात स्वाभिमान. दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, निम्मी वस्ती नागपूरला जाते. पण मागं राहतात त्यांच्यासाठी सकाळी विहारात कार्यक्रम असतो. त्यात मॅडमनी दोन शब्द बोलावेत.

“नोकरीत राहून आपली ओळख कशी टिकवाची, यावर बोला,” संघपाल सर म्हणाले. “आमच्या इथल्या बायांले गरज आहे. काई काई जणी तं सहा-सहा साल त्यायच्या रंगात रंगून राह्यल्या.”

कॅशची काच आठ पावलांवर होती, आणि या वेळी यंत्र बंद होतं.

रश्मीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात संघपाल सर उठले आणि जाता जाता मायेनं म्हणाले, महिला मंडळ त्या दिवशी पांढऱ्या साडीत असतं, मॅडमचीही सोय करून ठेवू.

ज्या साडीतून सुटायला हे सगळं केलं, ती पुढच्या दारानं येऊन उभी राहिली होती. दुसऱ्या कुणावर हे बेतलं असतं तर रश्मी पोट धरून हसली असती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं दिव्यानीला सगळं सांगितलं. रिनाताई घरी जेवायला गेल्या होत्या, नीलाबाई डबे उघडत होती. रश्मी म्हणाली की मी खोटं बोलले. त्याचा नवरात्राशी काही संबंध नव्हता. मला साडी आवडत नाही, कधीच आवडली नाही, आणि ते सांगायचा कंटाळा आला म्हणून मी धर्माच्या आड लपले. रिनाताईंना खरंच आवडतं, त्यांना परत घ्या.

दिव्यानी पोळीचा घास हातात धरून ऐकत होती. मग तिनं घास खाली ठेवला.

“मॅडम,” ती हळूच म्हणाली, “आम्हाले वाईट वाटू नये म्हणून तुम्ही असं बोलून राह्यल्या ना?”

रश्मीनं नाही म्हटलं. पुन्हा सांगितलं. दिव्यानी मान हलवत राहिली. तिला पटेना. धर्माचं कारण तिला कळत होतं; ते मोठं होतं, त्यापुढं हात जोडता येत होते. पण एक धडधाकट, शिकलेली बाई, काही झालेलं नसताना, कोणी मना केलेलं नसताना, नुसतीच साडी आवडत नाही म्हणते, हे तिच्या कुठल्याच खणात बसेना. खोटं होतं ते सरकन् पटलं होतं आणि खऱ्याला कुणी दारात उभं करेना.

“अशी बाई असते काय, जी?” नीलाबाईनं विचारलं.

“मी आहे ना,” रश्मी म्हणाली.

नीलाबाईनं तिला बुटापासून केसांपर्यंत एकदा नीट पाहिलं, आणि भाजी वाढून घेतली. कोहळे साहेबांना कळलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात वर केले. मॅडम, म्हणाले, आता सगळं शांत आहे ना, मग हा विषय नको.

बँकेची तिजोरी दोन किल्ल्यांची असते. एक कॅशियरकडं, एक अधिकाऱ्याकडं, म्हणजे इथं रश्मीकडं. एकीनं एकटीनं ती ना उघडता येते ना लावता. त्यामुळं कुणाचं कुणाशी पटो न पटो, रोज संध्याकाळी रिनाताई आणि रश्मी यांना त्या खिडकी नसलेल्या खोलीत एकत्र जावंच लागे. आठ दिवस त्या दोघी तिथं रोकड ठेवून मुकाट्यानं बाहेर येत होत्या. त्या संध्याकाळी तिजोरी उघडली, पण ती बंद करायला रश्मीनं आपली किल्ली पुढं केलीच नाही. ती खोलीच्या दाराला पाठ टेकून उभी राहिली आणि दुपारी दिव्यानीला सांगितलं तेच पुन्हा सांगू लागली.

रिनाताईंनी तिला मध्येच थांबवलं.

“मले माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “त्याच दिवशी समजलं. मी काय बहिरी आहो?”

रिनाताई रोकडीची पेटी हातात घेऊन तिच्याकडं वळल्या.

“हौस तुमची. पँट घालाची हौस. घाला ना, कोन मना करते? मले तं तुम्ही पहिल्या दिवशी आवडल्या होत्या. म्हटलं, पोरगी काय फिट राहते. पण नाव माझं काऊन लावलं तिले?”

“तुमचं नाही लावलं, ताई.”

“आमच्यात, म्हणल्या ना तुम्ही? मंग आमच्यात मी नाई काय? या गावात बँकेत आमच्यातल्या दोघीच. तुम्ही एक, अन् मी एक.” रिनाताईंनी पेटी तिजोरीतल्या फळीवर ठेवली आणि हात पुसले. “माह्या हौशीले कधीच कारण नोयतं लागलं. साडी चांगली दिसते म्हणून नेसत होती. आता बँकेत गेली तं दिव्यानी डोळ्यात पाणी आणते, अन् घरी गेली तं वस्तीतल्या बाया म्हणतात, पाह्य, ते मॅडम कशी ताठ राह्यली, अन् तू सहा साल देवीच्या रंगात नाचली. माह्या सासूनं वीस बाया गोळा करून पंचशील पाठ करून घेतलं होतं, जेव्हा इथी विहाराले छत बी नोयतं. त्या घरच्या सुनेले हे ऐकावं लागते.”

खोलीत हवा नव्हती. रश्मीला वाटलं की माफी मागावी, आणि वाटलं की माफी म्हणजे अजून एक समोसा.

“मी काय करू, ताई?”

“बँकेतलं मी पाहून घेईन. कोहळे साहेबाची भीती कोहळे साहेबापाशी.” रिनाताईंनी तिजोरीचं दार लोटून आपली किल्ली फिरवली आणि वाट पाहत राहिल्या. “तुमाले संघपालनं बोलावलं ना? तिथी सांगा. जिथी माहं नाव गेलं तिथीच. लावा किल्ली.”

दसऱ्याला सकाळी रश्मी विहारात गेली ती पांढरा शर्ट आणि करडी पँट घालून. महिला मंडळाच्या एका बाईच्या हातात घडी घातलेली पांढरी साडी होती. तिनं रश्मीकडं पाहिलं, साडीकडं पाहिलं, आणि ती पाठीमागच्या कपाटावर ठेवून दिली. ध्वज चढला, वंदना झाली. सतरंज्यांवर चाळीस-पन्नास माणसं, बाया जास्त, सगळ्या पांढऱ्यात. रिनाताई दुसऱ्या ओळीत भिंतीकडं बसल्या होत्या. त्यांच्या दोन्ही बाजूंना, दाटी असूनही, थोडी थोडी सतरंजी रिकामी होती. ती जागा रश्मीच्या नजरेतून सुटली नाही. आपल्या एका वाक्यानं केलेली जागा तिनं पहिल्यांदाच अशी डोळ्यांनी मापून पाहिली.

संघपाल सरांनी ओळख करून दिली. ताठ कणा, स्पष्ट वाणी, समाजाची लेक. टाळ्या पडल्या. रश्मी माइकपाशी गेली. बँकेत ती शेतकऱ्यांच्या सभेत तासतास बोलायची. इथं तिनं आधी माइक हातात घट्ट धरला.

“मला साडी आवडत नाही,” ती म्हणाली.

मागच्या ओळीत कुणीतरी हसलं. समोर बसलेल्या एका म्हाताऱ्या आजीनं जवळ बसल्यासारखं, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “मंग नोको नेसू ना, माय. कोन म्हणते?”

“हेच बँकेत सांगायचं होतं, आजी. सांगितलं नाही. म्हटलं, आमच्यात नवरात्र नसते. मला नवरात्राचं काही नव्हतं. मला फक्त साडीतून सुटायचं होतं.”

संघपाल सरांना यातलं काय कळलं कुणास ठाऊक, ते हसत पुढं आले आणि माइककडं हात करत म्हणाले की मॅडम विनोदानं बोलतात, पण मुद्दा असा की. त्यांना पुढचं भाषण तोंडपाठ होतं. रश्मीनं माइक सोडला नाही. हे तिला जमेल असं तिला वाटलं नव्हतं; हात मात्र तसाच राहिला.

“विनोद नाही, सर. तुम्ही मला ज्यासाठी बोलावलं ते मी केलेलंच नाही. ताठ राहायचं असतं तर मी सरळ सांगितलं असतं. मी माझी नावड तुमच्या सगळ्यांच्या नावावर खपवली. आणि रिनाताई बँकेत साडी नेसतात ती त्यांना आवडते म्हणून. त्यांनी कुणापुढं मान तुकवली नाही. मी तुकवली.”

कुणी टाळी वाजवली नाही. संघपाल सर सतरंजीच्या कडेकडं पाहत राहिले. त्यांचा एक चांगला दाखला हातातून गेला होता, आणि तो फुकट मिळालेला होता तरी गेल्याचं दुःख चेहऱ्यावर दिसत होतं. रश्मी खाली येऊन बसली. पुढचा वक्ता उभा राहिला आणि शिक्षणावर बोलू लागला.

नंतर भोजनदान होतं. मांडवात रिनाताई खिरीच्या मोठ्या गंजाशी पळी घेऊन वाढायला उभ्या होत्या. ओळीतल्या बाया पुढं सरकत होत्या. कुणी रिनाताईंशी काही बोललं नाही, मग ती आजी आली, तिनं वाटी पुढं केली आणि विचारलं, “तुई ते हिरव्या काठाची पिवळी कुठून आणली होती वं? माह्या नातीले पाह्यजे.” रिनाताईंनी दुकानाचं नाव सांगितलं. आजीच्या मागचीनं विचारलं, तिथं निळ्यात मिळते का. रिनाताई सांगू लागल्या की निळ्यात मिळते, पण काठ बारीक येतो. सांगता सांगता त्यांचा आवाज जरासा मोकळा झाला, पूर्ण नाही.

रश्मीची पाळी आली. रिनाताईंनी तिच्या वाटीत खीर घातली, इतरांना घातली तेवढीच.

“दिव्यानीला पण पटेपर्यंत सांगेन, ताई,” रश्मी म्हणाली.

“तिले नाई पटणार. ते पुढच्या साली बी डोळे पुसन.” रिनाताईंनी पळी गंजाच्या कडेला टेकवली. “तुम्ही बोलल्या, बरं केलं. इथलं निस्तरलं.”

“पुढच्या वर्षी तुम्ही नेसाल ना?”

रिनाताईंनी तिच्याकडं पाहिलं. रागानं नाही, एखाद्या गिऱ्हाइकानं मुदत संपल्यावर अर्ज आणावा आणि तो परत करताना आपल्यालाही बरं वाटू नये, तसं.

“पुढच्या सालचं पुढच्या साली पाहू. दुसऱ्या दिवशीचा रंग हिरवा होता ना. मागच्या दिवाळीपासून एक हिरवी साडी ठेवली होती मी, नवरात्रासाठी. घडी नाई मोडली अजून.” त्या थांबल्या. “आता नेसली तं पहिले मनात येते, हे काऊन नेसून राह्यली मी. आधी नोयतं येत. सरका समोर, मागं लोकं आहेत.”

रश्मी सरकली. मांडवाच्या कडेला, जिथं पुरुष उभ्यानं जेवत होते, तिथं जाऊन उभी राहिली. एकानं ‘साहेब’ म्हणून तिला जागा करून दिली आणि मग गडबडून गेला. तिनं काही दुरुस्त केलं नाही. खीर गोड होती. ती संपवायला तिला फार वेळ लागला.